जखमेला जखम म्हणा!

दिवाळी अंक उघडून वाचक बसतो तो चकली-चिवड्याची ताटली शेजारी घेऊन. अशा वेळी त्याच्यापुढे सूज, खपली आणि पू यांचा विषय काढणे हे काही शहाणपणाचे लक्षण नव्हे, हे मला समजते. संपादकांनी माझ्याकडे मागितली होती ती कथा. ती लिहून तयारही होती. पण ती बाजूला ठेवून मी हा लेख पाठवीत आहे. 'अहो बाई, ऐन सणात हे काय काढलेत?' असे कोणी विचारील, तर त्याला माझे उत्तर असे की, सणासुदीला आणि जत्रेलाच आपण पोराबाळांचे हात रंगवायला पुढे करतो. मग त्या हातांविषयी बोलायला दुसरा मुहूर्त कोणता शोधायचा?

विषय गोंदण्याचा आहे. शहरात त्याला 'टॅटू' म्हणतात. नाव बदलले म्हणून सुई बदलत नाही आणि कातडीही बदलत नाही. तेव्हा मी आपला जुनाच शब्द वापरते.

मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झाले, चित्रकलेची पदविका घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे एका तालुक्याच्या गावी शाळेतल्या मुलांना सरळ रेघ कशी ओढावी हे शिकवते आहे. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माणसाच्या कातडीवर लिहिण्याचा मला अधिकार कोणता, असे कोणी म्हणेल. अधिकार एवढाच की, एका मुलीच्या हाताची जी दशा झाली तिच्यात माझा वाटा होता. त्यानंतर वर्षभर मी डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावले, मिळेल ते वाचले, आणि जे समजले त्याने माझीच मान खाली गेली. ते सगळे आज तुमच्यापुढे मांडते.

आमच्या गावची यात्रा चैत्रात भरते. पाळणे येतात, रेवड्या येतात, आणि अलीकडे बॅटरीवर चालणारे यंत्र घेऊन गोंदणारेही येतात. यात्रा उलगडल्यावर शाळेत एक मुलगा मनगटावर गरुड मिरवीत आला. मी त्याला वर्गापुढे उभे केले आणि म्हटले, "हे पाहा, यांनी अंगावर पोस्टाचा शिक्का मारून आणला आहे. आता यांना कुठल्या गावी धाडायचे ते ठरवा." वर्ग खदखदून हसला. मुलगा लाल झाला. आणि मी, खोटे कशाला सांगू, माझ्या विनोदावर बेहद्द खूष झाले.

त्याच वर्गात एक मुलगी होती. तिचे खरे नाव सांगत नाही. सोयीसाठी प्रतीक्षा म्हणू. चैत्रातल्या त्या काहिलीत ती रोज लांब बाह्यांचा स्वेटर घालून येऊ लागली. मी विचारले तर म्हणाली, "थंडी वाजते, बाई." मला तेव्हाच उमजायला हवे होते. उमजले नाही. यात्रेनंतर अकराव्या दिवशी ती पाण्याच्या रंगात काम करीत असता तिच्या हातून कुंचला गळून पडला. मी तिचा हात धरला, तो तव्यासारखा तापलेला. बाही वर सारली आणि माझ्या पोटात गोळा आला. मनगटापासून निम्म्या हातापर्यंत कातडी तकतकीत लाल सुजलेली. मधोमध हळद-चुन्याचा वाळलेला थर. त्याला भेगा पडून आतून पिवळा पू येत होता. त्या सगळ्या चिखलात दोन अक्षरे होती: 'आई'.

अशा वेळी माणसाने काय विचारावे? 'दुखतंय का बाळ?' असे विचारावे. मी म्हणाले, "हे काय करून ठेवलंस?"

ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, तुम्ही मलापण पोस्टात टाकाल म्हणून दाखवलं नाही."

वाचकहो, मी आजवर पुष्कळ संवाद लिहिले. परीक्षकांनी त्यांची वाखाणणीही केली. पण या एका वाक्याइतके धारदार वाक्य माझ्या लेखणीतून कधी उतरले नाही, आणि ते माझ्यावरच चालले.

तिला दवाखान्यात नेले. चार दिवस सलाइनमधून औषध द्यावे लागले. "आणखी दोन दिवस उशीर झाला असता, तर विष रक्तात भिनायला वेळ लागला नसता," असे डॉक्टर म्हणाले. तिची आई खाटेशी बसून एकसारखी म्हणत होती, "बाई, आमच्या घरात असलं थेर कुणी केलं न्हाई बघा." आणि हे म्हणताना ती ज्या हाताने डोळे पुशीत होती, त्या हातावर मनगटापासून वर तुळशीवृंदावन गोंदलेले होते, आणि त्याखाली तिच्या भावाचे नाव. माझी नजर तिथे गेल्याचे पाहून तिने पदर ओढून घेतला. "ते येगळं, बाई. ते गोंदण."

वेगळे? काय वेगळे? इथूनच माझ्या भांडणाला सुरुवात होते.

आपल्या कातडीचे दोन मुख्य थर आहेत. वरचा थर बहुतेक जागी मिलिमीटरचा एक दशांश, म्हणजे जेमतेम कागदाएवढा. तो सारखा झिजत असतो आणि खालून नवा तयार होत असतो. साधारण महिना-सव्वा महिन्यात तो पुरता नवा होतो. मेंदी रंगते ती या वरच्या थरात. म्हणून लग्नातली मेंदी सत्यनारायणापर्यंत टिकते आणि पुढे पुसट होत निघून जाते. गोंदणाची शाई तेवढ्याच खोलीवर राहिली असती, तर तीही महिन्याभरात झडून गेली असती. ती जन्मभर टिकते, कारण सुई वरचा थर भेदून खालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल उतरते. रक्तवाहिन्या आणि वेदना पोचवणाऱ्या नसा तिथे असतात. गोंदणाऱ्याचे यंत्र एका मिनिटात शेकडो, कधी हजारो वेळा वरखाली होते. तेव्हा 'आई' ही दोन अक्षरे म्हणजे त्या पोरीच्या हातावर पडलेली हजारो भोके होती, आणि प्रत्येक भोकात परका पदार्थ कोंबलेला होता. याला जखम नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

देह मात्र तिला जखमच समजतो. भोक पडले की तिकडे रक्ताचा ओघ वाढतो. कातडी लाल होते, तापते, सुजते. पांढऱ्या पेशी धावतात. त्यांतल्या भक्षक पेशी शाईचे कण जंतूंसारखे गिळतात. पण काजळी त्यांना पचत नाही. मग ती पोटात धरून त्या तशाच बसून राहतात. आपण ज्याला नक्षी म्हणतो, ती या पेशींच्या पोटातली न पचलेली शाई असते. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून आणखी एक गोष्ट दाखवली: अशी पेशी मेली की तिच्यातून शाई बाहेर पडते, आणि जागेवर आलेली नवी पेशी ती पुन्हा गिळते. माझ्या आजीच्या कपाळावरची चंद्रकोर ऐंशी वर्षे टिकली ती अशी, पिढ्यान्‌पिढ्या वारसाहक्काने. सगळीच शाई जागेवर राहते असेही नाही. काही कण लसीकेच्या वाटेने काखेतल्या गाठींपर्यंत पोचतात. जर्मन आणि फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१७ साली गोंदलेल्या माणसांच्या गाठींत रंगाचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचे प्रसिद्ध केले आहे.

चित्रकलेची बाई म्हणून मला एक जुने कोडे होते. गोंदण काळ्या काजळीचे, मग ते निळे-हिरवे का दिसते? वरची कातडी धुरकट काचेसारखी असते. तिच्यातून आत जाणाऱ्या प्रकाशातला निळा भाग विखरून डोळ्यांकडे परततो, आणि खोलवरचा काळा निळसर भासतो. काचेखाली ठेवलेले चित्रच ते! आणि ती काच रोज झिजून रोज नवी होते. असे हे कातडे विलक्षण आहे. त्याला पाटी समजून त्यावर वाटेल त्याने वाटेल तसे लिहावे हे मला सोसत नाही.

आता जखम भरते कशी ते ऐका. कारण इथेच आपण सगळे चुकतो. पहिल्या दिवशी रक्त आणि पिवळसर पाणी पाझरते. दोन-तीन दिवस लाली, ऊब आणि ठणका असतो. तो दिवसेंदिवस कमी व्हायला हवा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पातळ खपली धरते, खाज सुटते. दुसऱ्या आठवड्यात पापुद्रे सुटू लागतात. दोन ते चार आठवड्यांत वरून कातडी मिटते आणि माणसाला वाटते, झाले बरे. पण खालचा थर नीट सांधायला काही महिने जातात. या काळात काय करावे? हात साबणाने धुऊन मगच तिथे लावावा, जखम स्वच्छ पाण्याने आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावी, स्वच्छ कापडाने टिपावी, पुसू नये, डॉक्टरांनी सांगितलेले साधे मलम पातळ लावावे, खपली नखाने काढू नये, नदीत, विहिरीत, तळ्यात डुंबू नये, उन्हापासून जपावे. बस्स, एवढेच. यात कोणती बाब न परवडणारी आहे? आणि लाली पसरू लागली, दोन-तीन दिवसांनी ठणका कमी होण्याऐवजी वाढला, पू आला, लाल रेघ वर चढू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. प्रतीक्षाच्या हातावर ही सगळी लक्षणे चौथ्या दिवसापासून होती. ती स्वेटरच्या बाहीत होती, आणि बाही खाली ओढायला मी तिला शिकवले होते.

आता माझ्याशी वाद घालायला तीन प्रकारची मंडळी पुढे येतात. त्यांना एकेक करून बसवून घेते.

पहिली मंडळी शिष्टांची. त्यांचे म्हणणे: 'गोंदणे हेच मुळात अडाणीपणाचे. पोरांना दोन रट्टे द्या, प्रश्न मिटला.' या मंडळींनी आपापल्या घराण्याचे जुने फोटो एकदा भिंगाखाली धरून पाहावेत. कपाळावर, हनुवटीवर, मनगटावर गोंदण नसलेली पणजी त्यांत किती सापडते ते मला कळवावे. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचे प्रेत सापडले, त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या आहेत. पाच हजार वर्षांची हौस दोन रट्ट्यांनी जाईल, असे ज्यांना वाटते त्यांच्या मनगटाची मला धन्यता वाटते! रट्ट्याने हौस जात नाही. रट्ट्याने जखम लपते, आणि लपलेली जखमच सडते. शाळेत गोंदण दिसले की पालकांना बोलावून दम देणारे आम्ही शिक्षक, त्या गोंदणाची खपली धरली आहे की पू, हे पाहण्याची तसदी घेत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा आमचा कारभार.

दुसरी मंडळी परंपरेची. त्यांचा मंत्र: 'आमच्या आजीला काही झाले नाही.' हा मंत्र माझ्याही घरचा आहे. माझ्या आजीच्या उजव्या हातावर विंचू होता. गोंदणारणीने एका सुईने बारा बायका गोंदल्या, काजळी दुधात कालवली, वर हळद चोपडली, आणि आजी ठणठणीत नव्वदीला पोचली. सगळे खरे. पण आजीलाच मी एकदा जवळ बसून नीट विचारले होते. ती म्हणाली, "तीन दिवस तापानं फणफणले होते. हात असा सुजला होता, की बांगड्या फोडाव्या लागल्या." त्या विंचवाची नांगी कातडीतून चांगली दोरीसारखी वर आलेली होती. आजी हसून म्हणे, "इंचू जरा रागीट निघाला." ती सूज हा जंतूंचा प्रताप होता, आणि ती नांगी म्हणजे वेडावाकडा वाढलेला व्रण. काही झाले नाही, असे आपण म्हणतो. आजी तसे म्हणत नव्हती. बरे, ज्यांना खरोखरच काही झाले, ज्या धनुर्वाताने गेल्या, त्यांच्या नाती 'माझ्या आजीला काही झाले नाही' असे सांगायला येणार कोठून? त्या जन्मल्याच नाहीत!

शिवाय काही रोग लगेच दिसतच नाहीत. सुईवाटे रक्तातून रक्तात जाणारी ब प्रकारची कावीळ दीड ते सहा महिन्यांनी दिसते. तिचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा आठवडाभर जिवंत राहू शकतो. चैत्रात यात्रेत हात गोंदला आणि भाद्रपदात डोळे पिवळे झाले, तर या दोहोंचा संबंध कोण जोडणार? लोक म्हणणार, गणपतीत बाहेरचे खाल्ले असेल. क प्रकारची कावीळ आणि एच. आय. व्ही. तर वर्षानुवर्षे गप्प बसतात. म्हणूनच तर आपल्याकडे २०१७ च्या रक्तदानविषयक राष्ट्रीय सूचनांप्रमाणे गोंदवून घेतलेल्या माणसाचे रक्त १२ महिने घेत नाहीत. रक्तपेढी ज्या सुईला वर्षभर भिते, तिच्यापुढे आपण 'काही होत नाही' म्हणून लेकराचा हात करतो!

तिसरी मंडळी धंद्याची. ती म्हणते, 'बाई, काळ बदलला. आता सुई नवी असते.' नवी असेल तर उत्तमच. पण नुसती सुई नवी असून भागत नाही. सुई नवी आणि शाईची वाटी मात्र सगळ्यांना एकच, तर पहिल्याचे रक्त त्या वाटीतून दहाव्याकडे जाते. यात्रेत मी स्वतः जाऊन पाहिले: सुई बदलत होते, पण ती ज्या नळीत बसते ती नळी बादलीतल्या पाण्यात बुचकळून पुढच्याला लावीत होते. त्या बादलीचे पाणी दुपारपर्यंत निळे-तांबडे झाले होते. ज्योतीवर धरून, कढत पाण्यात बुडवून हत्यार निर्जंतुक होत नाही. त्याला दाबाखालची वाफ लागते, १२१ अंशांची, पंधरा मिनिटे तरी. यात्रेतल्या तंबूत ती कोठून येणार? तिथे प्रत्येकाला नवी नळी हाच उपाय. आणि शाई? अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरी, २०११-१२ च्या सुमारास एकाच ठिकाणी गोंदलेल्या १९ जणांच्या कातडीवर हट्टी पुरळ उठले. दुकान स्वच्छ, सुई नवी. शोध घेता दोष शाईत निघाला. ती कारखान्यातच पाण्याने पातळ करताना जंतू शिरले होते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतल्या चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध घातले आहेत. आमच्या यात्रेतल्या बाटलीवर तर शाई कोणी केली, कशाची केली, कधी केली, यातले एक अक्षर नव्हते. आपण बिस्किटाचा पुडा घेताना तारीख पाहतो. आणि जन्मभर अंगात राहणारी गोष्ट घेताना बाटलीकडे ढुंकून पाहत नाही.

'नको वाटले तर लेसरने काढता येते,' असेही हे लोक ऐकवतात. लेसर शाईचे कण फोडतो आणि देह ते हळूहळू वाहून नेतो, हे खरे. पण त्याला आठवड्यांच्या अंतराने अनेक खेपा लागतात, काही रंग दाद देत नाहीत, पुष्कळदा फिकट सावली उरतेच. आणि खर्च गोंदण्याच्या कितीतरी पट. चाळीस-पन्नास रुपयांत काढलेले नाव पुसायला शेतातले पीक विकावे लागेल, हे यात्रेत कोणी सांगत नाही.

या तिन्ही मंडळींच्या पाठीशी आपले घरगुती वैद्यक उभे असते. सुजले? चुना लाव. चिघळले? हळद दाब. कोणी दात घासायची पेस्ट लावतो, कोणी राख. चुना हा दाहक आहे, तो उघड्या मांसाला भाजतो. डब्यातली हळद जेवणात कितीही गुणाची असली, तरी ती जंतुरहित नसते. बिब्ब्याने अंगावर फोड येतात हे तर आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, तरी तोही लावणारे मी पाहिले आहेत. प्रतीक्षाच्या आजीने नातीवरच्या मायेनेच हळद-चुना लावला होता; सुनेला न कळू देता, रात्री, दिव्याच्या उजेडात. त्या थराखाली पू कोंडला आणि आत पसरला. माया होती, पाणी आणि साबण नव्हता.

आणखी एक गोष्ट, खास या दिवसांसाठी. 'आम्ही गोंदत नाही बुवा, आमच्या मुली फक्त मेंदी काढतात,' असे म्हणून ज्यांनी सुस्कारा सोडला असेल, त्यांच्यासाठी. हिरवी मेंदी बहुतेकांना निर्धोक आहे. ती नारिंगी-तांबूस रंगते, आणि रंगायला काही तास घेते. पण बाजारात 'काळी मेंदी' म्हणून जी मिळते, अर्ध्या तासात काळीकुट्ट रंगते, ती मेंदी नव्हे. तिच्यात केस काळे करण्याच्या कलपातले पॅराफेनिलिनडायअमीन नावाचे रसायन मिसळलेले असू शकते. त्याने काही मुलींच्या हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड उठतात, व्रण राहतात, आणि एकदा अंगाने ते रसायन नाकारले की तो नकार जन्माचा. पुढे केसांना कलप लावला तरी तोंड सुजते. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी रस्त्याच्या कडेला कोन घेऊन बसलेल्याला एवढे विचारा: रंगायला किती वेळ लागेल? 'अर्धा तास' म्हणाला, तर मुलीचा हात धरा आणि पुढे चला.

मग बाई, तुमचे म्हणणे तरी काय? गोंदणे बंद करायचे? नाही. लहान मुलांनी गोंदू नये, एवढे माझे मत ठाम आहे. अठराच्या आत ज्याला मतदान करता येत नाही, त्याने जन्मभराची खूण कोणत्या अकलेने ठरवायची? अंगावर फुगीर व्रण उठण्याची ज्यांच्या घरात खोड आहे, ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकी मोठ्या माणसाने आपल्या हातावर तुळस काढावी, की विठ्ठल, की गरुड, हा त्याचा प्रश्न. माझे मागणे तीन ठिकाणी आहे, आणि तिन्ही फुकटातली आहेत.

यात्रा समित्यांना मागणे असे: पाळण्याच्या मालकाकडून जागेचे भाडे घेता तसे गोंदणाऱ्याकडूनही घेताच ना? मग जागा देताना चार अटी घाला. मोहोरबंद सुई आणि नळी गिऱ्हाइकासमोर फोडायची. शाई प्रत्येकासाठी वेगळ्या टोपणात ओतायची आणि उरलेली फेकायची. हातमोजे दर गिऱ्हाइकाला नवे. आणि अठराच्या आतल्याला हात लावायचा नाही. अटी पाळतो की नाही हे पाहायला एक माणूस फिरता ठेवा. कुस्तीच्या फडाला दहा पंच लागतात. याला एक पुरे.

शाळांना, म्हणजे मला आणि माझ्या सहकाऱ्यांना: आधी जखम पाहा, मग शिस्त पाहा. आठ दिवसांनी रागावलात तरी शिस्त कोठे पळून जात नाही. जंतू मात्र आठ दिवस थांबत नाहीत. शाळेच्या कपाटात साबण, स्वच्छ कापड आणि धनुर्वाताची सुई कधी घेतली ते लिहून ठेवायची वही असावी. आणि ब काविळीची लस मुलाला मिळाली आहे का, हे पालकसभेत एकदा विचारावे. गुणपत्रिकेपेक्षा त्याला फार वेळ लागत नाही.

घरांना मागणे सगळ्यांत लहान, आणि सगळ्यांत अवघड: पोराने हात पुढे केला की आपला हात उगारू नका.

प्रतीक्षा आता दहावीत आहे. तिच्या हातावरची 'आई' अजून वाचता येते. पण 'ई'वरचा रफार फुगून दोरीसारखा वर आला आहे, अगदी माझ्या आजीच्या विंचवासारखा. गार हवेत तो खाजतो, म्हणते. मागच्या महिन्यात मी त्या मुलाला, गरुडवाल्याला, वर्गापुढे बोलावले आणि सगळ्यांसमक्ष त्याची माफी मागितली. तो गोंधळून म्हणाला, "कशाची माफी, बाई?" तो विसरला होता. मी सांगितले. वर्ग या वेळी हसला नाही. तास संपल्यावर मात्र एक मुलगा मागे रेंगाळला, आणि कोणी नाही असे पाहून त्याने शर्टाचे बटण काढून खांदा दाखवला. नुकताच गोंदलेला, तांबूस, कडेने जरा ओलसर. आम्ही दोघे नळावर गेलो. मी साबणाने हात धुतले आणि त्यालाही धुवायला लावले. मग दवाखान्यात गेलो. आठ दिवसांत तो कोरडा झाला.

भाऊबीजेला आता बहिणी भावांना ओवाळतील. निरांजनाच्या उजेडात हात फार स्वच्छ दिसतात. कोणाच्या मनगटावर, दंडावर ताजी रेघ दिसली, लाली दिसली, बाही उगाच खाली ओढलेली दिसली, तर तबक बाजूला ठेवून आधी एवढेच विचारा: "दुखतंय का?"

बाकीचे रागावणे फराळानंतर करता येईल.